दिसू नये असं काजळ

पाव्हण्यांची बैलांची दमणी वेशीपाशी आली असं सांगत पाटलाचा गडी अंगणात आला, अन् त्याच वक्ती पाटलाच्या वच्छीनं उजवा डोळा गच्च मिटला. म्हणे, गोदाबाई, आग होऊन राह्यली वं. म्या म्हणलं नवं काजळ हाये, थंडं लागत असन, जरा थांब. ती म्हणे थंडं नाही, आग. मंग तिनं डोळा उघडला त मले आतलं पांढरं दिसलंच नाही, सारं लाल, अन् पाणी गालावरून हनुवटीवर, अन् त्या पाण्यासंगं माह्यं काजळ बी खाली उतरून राह्यलेलं. माह्या मांडीवर माह्यी पाच महिन्याची पोरगी भुकेनं रडत होती. पाटलीणबाई चुलीपाशी पोह्याले फोडणी देऊन राह्यल्या होत्या, पाठ आमच्याकडे. म्या माह्या करंगळीकडे पाह्यलं. मंग ते बोट हळूच जिभेले लावलं.

तिखट होतं.

सकाळी मेहकरहून जानेफळले पाटलाच्या खाचरात, त्या बैलाच्या लहान गाडीत, बसून आली तवा पाटलीणबाईनं मले आल्या आल्या भाकर अन् हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला होता. नाही म्हणायची सोय नाही, लेकुरवाळी बाई उपाशी कामाले बसली त घराले बरं नाही म्हणतात. अन् खरं सांगते, मले भूक बी लागली होती, अंगावर पिणारं लेकरू असलं की पोटात आगच राह्यते. म्या दीड भाकर खाल्ली. पाव्हणे उन्हं उतरल्यावर येणार होते, म्हणून निवांत खाल्लं, अन् तेवढ्यात कोणीतरी म्हणलं का दमणी नाल्यापाशी दिसली, लवकर निघाले वाटते. मंग म्या भसकन पाण्यानं हात धुतला, पदराले पुसला अन् वच्छीच्या डोळ्याले हात घातला. राख नाही लावली, तेल नाही लावलं. ज्या बाईनं एकडाव ठेचा वाटला तिले मालूम हाये का मिरची नुसत्या पाण्यानं बोटातून जात नाही. मले बी मालूम होतं. मले त सगळ्यांहून जास्त मालूम पाह्यजे होतं, कारण बोट हेच माह्यं हत्यार हाये.

हे पुढं सांगते. आधी माह्यं काम सांगते, नाही त तुमाले वाटन ही बाई कोण अन् डोळ्याले हात काऊन लावते.

माह्यं माहेर सोनाळ्याचं, सासर मेहकरचं, घरचा भाजीचा मळा. मी तिसरीपर्यंत शिकली, चौथीत नाव होतं पण परीक्षेच्या आधी लग्न झालं. आमच्या इथल्या मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई माह्याकडूनच काजळ नेतात. त्याच म्हणल्या का दिवाळीच्या अंकात कष्ट करणाऱ्या बायांचं छापणार हायेत, तू तुह्या कामाचं लिही, जसी बोलतेस तसंच लिही, काही सुधरवू नको. म्हणून लिहून राह्यली. पोरगी झोपली का लिहिते, उठली का थांबते, म्हणून कुठं तुटलं असन त समजून घ्या.

मी डोळे करते. असं कोणाचं काम असते हे लोकायले मालूम नाही अन् मालूम होऊ बी नये, तेच माह्यं काम. पोरीले पाहायले पाव्हणे येणार असले, नाही त नवी सून सणाले पह्यल्यांदा चारचौघीत बसणार असली, का घरची बाई मले बोलावते. मी भाजीची पाटी डोक्यावर घेऊन मागच्या दारानं जाते, पाटीत मेथी अन् मेथीखाली डबी. काम झालं का मागच्याच दारानं निघते. कारण मी दिसली का समजलं, या घरची पोर सजवलेली हाये. अन् पाहायले येणाऱ्या बाया पह्यलं तेच पाह्यतात, पोर नटवून बसवली का तिचं रूप घरचं हाये. नटवलेली पोर कोणाले नको, अन् बिननटवलेली कोणाले दिसत नाही. या दोन्हीच्या मंधात माह्यी भाकर हाये.

काळंभोर जाड काजळ कोणालेही लावता येते. बहुरूपी बी लावते. माह्यं काजळ लावलं का लावलेलं दिसत नाही, अन् पुसलं का काहीतरी गेलं असं वाटते. माह्या हाताची सारी करामत एवढीच हाये, पण ती माह्याच हातात हाये, मेहकरात दुसरी कोणी करत नाही, हे मी सासूच्या देखत बी म्हणते.

काजळ धरायचं एरंडीच्या तेलावर. घासलेटवर धरलं त डोळ्याले चुरचुरते, अन् आता लढाईच्या दिवसात घासलेट दिव्याले मिळत नाही त काजळाले कुठून. तीन विटा मांडायच्या, मंधात पणती, वर तांब्याचं ताट पालथं. जोत ताटाले भिडू द्यायची नाही, चार बोटं खाली ठेवायची. भिडली का जाड काजळी धरते अन् ती डोळ्यात कचऱ्यासारखी रुतते. पह्यला थर फेकून द्यायचा, दुसरा मऊ राह्यते, तो नागवेलीच्या देठानं खरवडायचा. मंग घरचं तूप, लय पाण्यानं धुतलेलं, इतकं का त्याचा वास जाते अन् ते पांढरं शुभ्र होते, त्यात ही काजळी घोटायची. घारे डोळे असले त त्यात जाळलेल्या बदामाची काजळी, तिचा रंग मातकट येते, घाऱ्या डोळ्याले काळं काजळ लावलं का मांजर दिसते पोरगी.

लावायचं पापणीच्या काठावर नाही, केसाच्या मुळाशी. पोरीले खाली पाहायले सांगायचं, वरची पापणी आंगठ्यानं हळूच उचलायची अन् करंगळीच्या टोकानं केसाकेसाच्या मंधात टेकत जायचं, ओढायचं नाही. बाकीच्या बाया सळई वापरतात. सळईनं रेघ येते, अन् रेघ आली का चोरी पकडल्या गेली. बोट गरम राह्यते, त्यानं काजळ पिघळते अन् केसाच्या मुळात बसते. मंग जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं पुसून घ्यायचं, तीनदा. जे राह्यलं ते राह्यलं. खाली लावायचंच नाही, लावलं त बाहेरच्या कोपऱ्यात मुंगीएवढं. भिवयांवर एरंडेलाचं बोट उलटं फिरवून मंग सरळ. डोळ्याखाली काळं असलं त त्यावर काही थापायचं नाही, चार दिवस आधी सांगून ठेवायचं का पोरीले दळायले उठवू नका, झोपू द्या. हे आयांना पटत नाही. त्या म्हणतात काजळ लाव पण झोपायचं सांगू नको.

लोकं नाना तऱ्हेचे भेटतात. एका घरी पन्नाशीचे बिजवर होते, त्यांच्या बहिणीनं बोलावलं, म्हणे भावाच्या डोळ्याखाली थैल्या आल्या, लोकं वय विचारतात. म्या म्हणलं पुरुषाच्या डोळ्याले मी हात लावत नाही, तुमी लावा, मी दाराआडून सांगते. त्या बाईनं भावावरच्या मायेपोटी काजळ असं भरलं का ते गृहस्थ पोरीवाल्यांच्या दारात उतरले त तिथल्या म्हातारीनं त्यांना देवऋषी समजून वासरासाठी अंगारा मागितला. लग्न जमलं पण त्यांचं, कारण त्यांनी दिला अंगारा अन् वासरू उठलं.

अन् एक बाई होती, तिचं नाव नाही सांगत, गाव बी नाही. चोवीस-पंचवीसची असन, कपाळ मोकळं होऊन चार वर्षं झालेली. तिनं मले भाजी घ्यायच्या निमित्तानं अंदर घेतलं अन् म्हणे, माह्ये डोळे दुखतात, काही औषध घाल. म्या डोळे पाह्यले, चांगले होते. कापूर घोटलेलं काजळ होतं ते मुळाशी लावलं अन् रोज तीनदा पुसते ते पाचदा पुसलं. तिनं आरसा पाह्यला. मले विचारे, कोणाले दिसन का वं. म्या म्हणलं, नाही दिसणार. तिनं आणखी एकडाव पाह्यलं अन् म्हणे, मले दिसते. अन् हासली. मी रस्त्यानं येताना पाटी डोक्यावर होती पण मले वजन लागलं नाही.

एवढ्यासाठी म्या हे काम धरलं हाये. आता वच्छीचं सांगते.

वच्छी जानेफळच्या पाटलाची एकुलती लेक, सतरा वर्षांची. तिले आधी दोन ठिकाणचे पाहून गेले. दोघांनी कळवतो म्हणलं अन् कळवलं नाही, मागून कानावर आलं का पोरीचे डोळे मिचमिचे हायेत, झोपेतून उठल्यासारखी दिसते. डोळे काही मिचमिचे नव्हते, पापणीचे केस भुरे होते तिचे, म्हणून काठ दिसत नसे. पण तिसरे पाव्हणे बी परत गेले त लोकं डोळ्याचं बोलत नाहीत, म्हणतात पोरीतच काही खोट असन. मंग चौथे येत नाहीत. पाटलीणबाईनं मले खाचर धाडलं ते याच्यासाठी, अन् या पाव्हण्यांना निरोपात कळवलं होतं का आमची पोर साधी हाये, डोळ्याले काजळ बी लावत नाही.

त हे असं, अन् दमणी वेशीत, अन् वच्छीचा डोळा मिरचीनं पेटलेला.

म्या पाटलीणबाईले हाक नाही मारली. भीती वाटली. आधी पाणी शिंपडलं, पाण्यानं आग आणखी पसरली. वच्छी ओठ दाबून बसली, ओरडली नाही, ते आठवलं का अजून मले कसंतरी होते. माह्यी पोरगी रडून रडून माह्या चोळीले झोंबत होती अन् दूध आपोआप येऊन चोळी ओली झाली, अन् मले माह्या मायचं ध्यानात आलं, कोणाचं लेकरू डोळे दुखून आलं का ती बाळंतिणीच्या घरी धाडे, अंगावरच्या दुधाची धार डोळ्यात घ्यायले. म्या वच्छीले म्हणलं, मांडीवर डोकं ठेव. तिनं पाह्यलं माह्याकडे एका डोळ्यानं, अन् ठेवलं. एकीकडे पोरगी, एकीकडे वच्छी. म्या तिची पापणी उचलून धार सोडली. एकडाव, दोनदा, चारदा.

तेवढ्यात पाटलीणबाई वळल्या. त्यांच्या हातात झारा होता. त्यांनी आधी पोरीचा डोळा पाह्यला, मंग माह्यी उघडी चोळी पाह्यली. म्हणे, हे का चालवलं वं तू. म्या खरं सांगतलं, ठेचा, बोट, सारं. त्यांचं तोंड पांढरं पडलं. माळणीचं दूध पाटलाच्या पोरीच्या डोळ्यात, हे बी त्यांच्या मनात आलं असन, पण बोलल्या नाहीत, कारण बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. त्यांनी एवढंच म्हणलं, डावा कर लवकर, डाव्या हातानं कर.

म्या केला. डावा हात ठेच्याले लागला नव्हता. डावा हात माह्या उजव्यासारखाच चालते, तो मुद्दाम चालवला हाये म्या, कारण उजव्या काखेत लेकरू असते. उजव्या डोळ्याचं काजळ सारं धुतल्या गेलं होतं, त्याले आता हात लावायची हिम्मत नव्हती, म्हणून डाव्याले म्या नेहमीच्या निम्मंच लावलं, का दोन्ही डोळे सारखे वाटावे. घाईत, रडतं लेकरू मांडीवर, अन् तरी सांगते, माह्या साऱ्या कामात ते काम सगळ्यात चांगलं झालं.

मले पाटलीणबाईनं माजघराच्या दाराआड उभं केलं, म्हणे पाव्हणे जाईपर्यंत शब्द काढू नको. मागच्या दारानं निघायचं त आता पाव्हण्यांचा गाडीवानच बैलं पाणी पाजायले घेऊन मागच्या आडावर होता. मी लेकराले अंगावर लावून उभी राह्यली, फटीतून ओसरी दिसे.

चार पुरुष होते अन् मुलाची आत्या. आत्याबाई निजामाच्या मोगलाईतल्या, जालन्याकडच्या, बोलणं थोडं वेगळं, अंगानं वाळकी, नजर अशी का ताटातला खडा दुरून दिसावा. वच्छी पाटावर बसली. नाव विचारलं, सांगतलं. चालून दाखवलं. आत्याबाई म्हणाल्या डोकं वर कर. वच्छीनं केलं. डोळ्याचं लाल बरंच उतरलं होतं पण पाणी थांबत नव्हतं, पदरानं टिपावं का परत.

आत्याबाईनं कमरेची पानाची चंची सोडली, त्यातून सुई काढली अन् दोरा काढला, अन् वच्छीच्या हातात दिला. आमच्या इकडे काही घरी हे करतात, पोरीले सुई ओवायले लावतात, हात स्थिर हाये का, नजर साफ हाये का पाह्यतात. वच्छीनं दोरा ओला केला, सुई वर धरली. डोळा भरला. दोरा बाजूनं गेला. आणखी धरली. आणखी बाजूनं. तिसऱ्यांदा दोरा तिच्या बोटालेच लागला.

एक पाव्हणा खोकला. पाटील माह्या फटीसमोरच पाठमोरे होते, त्यांच्या मानेवर घाम दिसला मले.

"पोरीचा डोळा असाच राहतो का?" आत्याबाईनं विचारलं.

पाटलीणबाई म्हणाल्या, कचरा गेला सकाळी, जरा वेळानं थांबन.

"बरं. थांबू थोडं," आत्याबाई म्हणाल्या. अन् त्यांनी वच्छीच्या हातातली सुई घेतली, दोरा गुंडाळला, अन् चंचीत ठेवून चंची बांधली.

मले ती बांधलेली चंची दिसली अन् मले वाटलं, झालं. थांबू म्हणते पण हिनं मनात ठरवलं, पोरीले दिसत नाही. आता चहा पितीन, कळवतो म्हणतीन अन् जातीन. अन् जानेफळपासून मेहकरपर्यंत गोष्ट पसरन का पाटलाच्या पोरीले सुई ओवता येत नाही, डोळा गळते. अन् डोळा गळत होता माह्या बोटानं.

त्याच वक्ती वच्छीनं दाराकडे पाह्यलं. सरळ त्या फटीकडे, माह्याकडे. एक डोळा लाल, एक डोळा म्या केलेला. तिनं मान हालवली नाही, हात हालवला नाही. नुसतं पाह्यलं, अन् खाली पाह्यलं.

मी बाहेर गेली.

चार परक्या पुरुषांसमोर, लेकरू कडेवर, डोक्यावर पदर कसातरी. पाटलीणबाईनं माह्याकडे असं पाह्यलं का भिंतीत शिरावं वाटलं. म्या कोणाकडे न पाहता जमिनीकडे पाहून म्हणलं, "डोळा पोरीचा चांगला हाये. म्या ठेचा खाऊन तिच्या डोळ्याले काजळ लावलं. खोट माह्या बोटात होती, पोरीत नाही."

पाटलांनी मान खाली घातली. आत्याबाई म्हणाल्या, तू कोण. म्या म्हणलं, मी डोळे करते.

"पण काजळ लावत नाही म्हणून सांगितलं होतं आम्हाला."

पाटलीणबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

आत्याबाई उठल्या. त्यांनी पदराचा शेव तांब्यात बुडवला, वच्छीपुढं बसल्या अन् तिचा डावा डोळा पुसला, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, चांगला दाबून. मंग शेव उजेडात धरून पाह्यला. त्यावर करडी रेघ उतरली होती, केसाएवढी. त्यांनी शेव पाह्यला, डोळा पाह्यला, आणखी शेव पाह्यला.

"इथं होतं हे?" त्या म्हणाल्या. "मी समोर बसले होते गं. मला दिसलं नाही."

बाकीचं काहीही झालं असतं तरी त्या एका वाक्यावर मी मेहकरपर्यंत पायी गेली असती. चाळीस पोरी पाहून आलेली बाई, जिले नुसत्या वासानं पावडर समजते, ती दोन हातावर बसून म्हणते मले दिसलं नाही. मी भ्यायलेली होती, अन् आतून फुगली बी होती. दोन्ही एकाच वक्ती होते माणसाले, हे मले तवा समजलं.

आत्याबाईनं चंची सोडली, सुई काढली, वच्छीले म्हणाल्या उजवा डोळा मिट अन् ओव. वच्छीनं डाव्या डोळ्यानं एका झटक्यात ओवली. आत्याबाई भावाले म्हणाल्या, चहा सांगा.

लग्न जमलं. पंधरा दिवसांनी होकार आला, वैशाखात लग्न झालं. हे ऐकून तुमाले वाटन का गोड झालं. पण पुढचं ऐका.

पाव्हणे गेल्यावर पाटलीणबाईनं मले समोर बसवलं. आवाज चढवला नाही त्यांनी, ते जास्त लागलं. त्या म्हणाल्या, ते थांबणार होते. आत्याबाई तोंडानं थांबू म्हणल्या होत्या. घडीभरात डोळा साफ झाला असता, पोरीनं सुई ओवली असती, अन् कोणाले काही समजलं नसतं. म्या म्हणलं, पण त्यांनी चंची बांधली. त्या म्हणाल्या, मंग सुई उघडी ठेवन का कोणी, लेकरायच्या पायाखाली. म्हणे, तू मले चार लोकांत खोटं पाडलं, माह्या पोरीले सासरी आता जन्मभर ऐकावं लागन का तुह्या मायनं आमाले फसवलं. तुह्या मनाले टोचत होतं म्हणून तू बाहेर आलीस, पोरीसाठी नाही. शेरभर जवारी अन् खण त्यांनी तरी बी दिला. म्या खण नाही घेतला.

लग्नात डोळे करायले मले बोलावणं नव्हतं. वरात निघाली तवा मी रस्त्याच्या कडेले लोकांत उभी होती. कासारणीच्या हातून काजळ घातलं होतं वच्छीले, दोन बोटं जाड, घामानं खाली उतरलेलं. मले रडू आलं. लोकायले वाटलं पोर सासरी चालली म्हणून रडते.

अन् मेहकरातल्या काही घरांनी मले बोलावणं बंद केलं. माह्या कामात हात पाह्यजेच पण तोंड बंद पाह्यजे, अन् आता माह्या नावासंगं जोडल्या गेलं का ही बाई बोलते, ऐन वक्ती ओसरीवर येते. सासू म्हणते, बरोबर हाये त्यांचं, तू तुह्या बोटाचं पाप धुवायले गेलीस अन् दुसऱ्याचं घर ओलं केलंस. नवरा जास्त बोलणारा नाही, तो म्हणे, भूक लागली होती त खाल्लं, त्यात का झालं. त्यानं थोडं बरं वाटलं.

दुसऱ्या बाजूले हे बी खरं का दोन महिन्यांनी मोगलाईतून निरोप आला, त्याच आत्याबाईचा. त्यांच्या घरी पोरीले पाहायले येणार होते. निरोप्या म्हणे, मागच्या दारानं या, अन् बाईंनी सांगितलं तुम्हाला आमच्याकडं जेवण काम झाल्यावर. मी गेली. तिथून आणखी तीन घरं लागली. आता मी कामाच्या दिवशी सकाळपासून मिरचीले हात लावत नाही, राख लावते, तेल लावते, ताकानं हात धुते, अन् कोणाच्याही डोळ्याले बोट लावायच्या आधी ते माह्या डोळ्यात घालते. पोरी हासतात. हासू द्या. मले मालूम हाये माह्यं काम काय हाये, अन् त्याच्यात माह्या बरोबरीची अजून कोणी भेटली नाही.

पण एक गोष्ट मले सुटत नाही. वच्छीनं दाराकडे पाह्यलं त्याचा अर्थ काय होता. ये म्हणत होती, का येऊ नको म्हणत होती. रोज लोकांचे डोळे हातात घेऊन बसते मी, कोण झोपलं नाही, कोण रडलं, कोणाले हे स्थळ नको हाये, सारं पापणी उचलली का समजते मले, अन् त्या एका वक्ती मले समजलं नाही. मी बाहेर गेली कारण मले वाटलं ती ये म्हणते. पण मले तसं वाटायले पाह्यजे होतं म्हणून वाटलं का, हे बी मी स्वतःले विचारते. ती आता दूर हाये, तिच्या मायचं दार मले बंद हाये, विचारू कोणाले.

म्हणून तुमाले विचारते. तुमीबी कोणाच्या लेकी हाये, कोणाच्या माय हाये, तुमीबी पाटावर बसल्या असान. समजा तुमी त्या दाराआड उभ्या हाये, कडेवर लेकरू हाये, बाहेर पाव्हणी थांबू म्हणते अन् चंची बांधते, पोरीचा डोळा तुमच्या बोटानं गळून राह्यला, तिची माय तुमच्या भरोशावर खोटं बोलली हाये, अन् ती पोर तुमच्याकडे पाह्यते. जास्त वेळ नाही, एक श्वास घ्यायले लागते तेवढाच. तुमी काय केलं असतं?